नाणं खरं होतं

मराठी माणूस दुसऱ्या माणसाची पारख करायला बसला की नकळत नाण्यांच्या भाषेत शिरतो. एखादा "खणखणीत नाणं" असतो, एखादा नुसताच "चलनी". नोकर असो, जावई असो की घरभाडेकरू असो, आधी "वाजवून घ्यावा" लागतो. नावाला "बट्टा" लागतो. आणि जो सगळ्या परीक्षांतून गेला तो "नाणावलेला". हे शब्द आपण रोज वापरतो, पण ते आले कुठून याचा विचार सहसा करत नाही.

यातले बरेच शब्द ज्या काळातून आले त्या काळात नाणं हातात घेणं म्हणजे परीक्षाच होती. एकाच बाजारात चांदवडी रुपया चाले, अंकुशी चाले, आणखी कुठकुठल्या टांकसाळींचे रुपये चालत. प्रत्येकाची चांदी वेगळी, झीज वेगळी. त्यामुळे हलक्या रुपयावर वटणावळ कापली जाई, तोच बट्टा. सारा भरताना रुपया पारखून घेणारा माणूस म्हणजे पोतदार. पारखी, शराफ, गुजराथेत नाणावटी ही आडनावं त्याच धंद्यातली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही नाणी तपासणारा एक अधिकारी आहे, त्याचं नाव रूपदर्शक. नाव किती छान आहे बघा! रूप दाखवणारा. अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५ च्या सुमाराच्या एका कायद्यानुसार भर बाजारात नाणेपारखी बसत असे आणि तो सरकारी गुलाम असे. नाणं आत तांब्याचं किंवा शिशाचं निघालं तर तो ते तिथल्या तिथे कापून टाकी. म्हणजे "हे खरं आहे का?" हा प्रश्न नाण्याइतकाच जुना आहे.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो अक्कलकुव्यात.

२०१९ ते २०२३ अशी चार वर्षं मी तिथे एका बँकेच्या शाखेत होतो. अक्कलकुवा म्हणजे नंदुरबार जिल्ह्याचं पश्चिमेचं टोक. बदलीचा कागद हातात पडल्यावर बहुतेक लोक आधी नकाशा काढतात, मीही काढला. तळोद्याकडून येणारा रस्ता गावातून पुढे खापरला जातो आणि मग सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग करत गुजराथेत उतरतो. उत्तरेला देवगोईचा घाट चढलं की मोलगी, काठी, आणि त्याहून पलीकडे खाली नर्मदा. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. त्याआधी हे सगळं धुळे जिल्ह्यात होतं. पुण्या-मुंबईच्या लोकांना अक्कलकुवा "फार आत" वाटतं. पण नकाशा जरा पश्चिमेला सरकवून बघा. भडोच तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाण्यांचा नाद मला कॉलेजपासून. संग्रह असा फार नाही, वाचनच जास्त. शाखेतल्या लोकांना ते ठाऊक होतं आणि बाजारच्या दिवशी कुणी ना कुणी कमरेच्या कशातून एखादं नाणं काढून माझ्या टेबलावर ठेवायचं. नव्याण्णव टक्के राणीछाप किंवा राजाछाप रुपये. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत चांदी ही खरी बचत. होळीला काठीला गेलात तर गळ्यात-हातात-पायात ती दिसते. रुपयांना मागे कडी टाकून ओवलेल्या माळा तर घरोघरी. त्यातला व्हिक्टोरियाचा रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० पासूनचे जॉर्जचे रुपये मात्र निम्म्याच चांदीचे. हे आमच्या पाड्यावरच्या आजीबाईंना कुठलंही पुस्तक न वाचता माहीत असतं. त्या राणी वेगळी ठेवतात, राजा वेगळा.

२०२२ च्या पावसाळ्यात मोलगीच्या बाजूचे एक शेतकरी शाखेत आले. पन्नाशीचे असतील. त्यांचं नाव इथे नको, आपण त्यांना दादा म्हणू, मीही तेच म्हणत होतो. त्यांना खात्यातले पंचवीस हजार रुपये एका दुसऱ्या खात्यावर पाठवायचे होते. खात्यात होते सगळे मिळून एकतीस हजार. काउंटरवरच्या मुलीने स्लिप बघितली आणि त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण ज्याला पैसे जाणार होते ते कुणा एका व्यक्तीचं बचत खातं होतं, तेही तिसऱ्याच राज्यातलं.

"कोण आहेत हे दादा? नात्यातले?"

"नाही सायेब. नाण्याची फी आहे."

मग गोष्ट बाहेर आली. त्यांच्या आईच्या माळेत रुपयांच्या मधे एक लहानसं नाणं होतं, अंगठ्याच्या नखाएवढं. पुतण्याने मोबाइलवर त्याचा फोटो काढून कुठेतरी टाकला. दोन दिवसांत फोन आला. समोरचा म्हणाला, हे सिकंदर बादशहाचं नाणं आहे, आमच्या कंपनीकडे नऊ लाखांचं गिऱ्हाईक तयार आहे, फक्त नोंदणी आणि टॅक्सचे पंचवीस हजार आधी भरायचे. ते व्यवहार झाल्यावर परत मिळतील. सोबत व्हॉट्सॲपवर एक पत्र आलं होतं. वर वाघ आणि ताडाचं झाड, म्हणजे रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. खाली इंग्रजीत दोन परिच्छेद, गोल शिक्का, सही. दादांना इंग्रजी येत नाही. पण पत्र बघून त्यांची खात्री पटली होती. आणि "आज शेवटची तारीख" असं दिवसातून चारदा फोनवर सांगितलं जात होतं.

पत्र खोटं होतं हे सांगायला नाण्यांचं ज्ञान लागत नाही. जुनी नाणी आणि नोटा विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने फी उकळणाऱ्यांविषयी खुद्द रिझर्व्ह बँकेनेच ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर सूचना काढली होती. आम्ही असल्या धंद्यात नाही आणि असली फी कुणाकडून घेत नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. मी तेच सांगितलं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रुमालाची गाठ सोडून माळ टेबलावर ठेवली आणि विचारलं,

"पण सायेब, नाणं तर खरं आहे ना?"

इथे माझी पंचाईत झाली. दुपारी चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने मला सोपा उपाय सांगितला. "खोटं आहे म्हणून सांगून टाक ना. पितळेचं आहे म्हण. माणूस घरी जाईल, पैसे वाचतील, विषय संपला." त्याचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. कारण दादांच्या मनातला हिशोब सरळ होता: नाणं खरं म्हणजे फोनवरचा माणूस खरा. मी नाणं खरं म्हटलं असतं तर त्याच वाक्याने त्यांना स्लिप भरायचं बळ आलं असतं. आणि खोटं म्हटलं असतं तर? एका बाईच्या गळ्यात दोन-तीन पिढ्या असलेली वस्तू माझ्या एका शब्दाने पितळ ठरली असती. बँकेतल्या साहेबाच्या शब्दाला तिथे फार वजन असतं. ते नाणं पुढच्या दिवाळीला सोनाराच्या मुशीत गेलं असतं.

मी दादांकडे दोन दिवस मागितले. म्हटलं, नऊ लाखांचं नाणं आहे ना, मग दोन दिवसांत कुठे पळतंय. यावर ते पहिल्यांदा हसले. आणि माळ माझ्याकडे न ठेवता, रोज स्वतः घेऊन येईन म्हणाले. मला ते आवडलं. जो माणूस माझ्यावरही पूर्ण विश्वास टाकत नाही त्याला वाचवायची आशा असते :-)

पहिला प्रश्न: चांदी आहे का? गावातल्या ओळखीच्या सोनाराकडे आम्ही दोघं गेलो. त्याने सवयीने तेजाबाची बाटली काढली, ती मी परत ठेवायला लावली. तेजाबाचा एक थेंब नाण्यावर कायमचा डाग ठेवून जातो. मग त्याच्या काट्यावर वजन केलं, मागच्या कडीसकट २.१४ ग्रॅम. नंतर वाटीत पाणी घेऊन वाटी काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडलं, तळाला टेकू न देता. काट्यावर ०.२१ आलं. तेवढं पाणी त्याने बाजूला सारलं. २.१४ ला ०.२१ ने भागा, दहाच्या जरा वर येतं. शुद्ध चांदी साडेदहा, तांबं नऊच्या आत, शिसं अकराच्या पुढे. इतक्या हलक्या वस्तूत काट्याचा एक शतांश इकडेतिकडे झाला तरी उत्तर हलतं, त्यामुळे याला पुरावा म्हणायचा नाही, साक्ष म्हणायची. पण साक्ष चांदीच्या बाजूने होती. सोनाराला हा आर्किमिडीजचा खेळ भलताच आवडला, नंतर तो गिऱ्हाइकांना करून दाखवायचा म्हणे.

दुसरा प्रश्न: जुनं आहे का? चांदी जुनी नसते, नाणं जुनं असतं. आजचं खोटं नाणं आजच्या उत्तम चांदीत करता येतं. साच्यात ओतलेलं असेल तर कडेला बारीक शिवण राहते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खळगे दिसतात, अक्षरं साबणासारखी गुळगुळीत होतात. ठोकून पाडलेल्या नाण्यात धातू हातोड्याखाली कडेकडे पसरलेला असतो, कडा कुठे कुठे तडकलेली असते. भिंगाखाली आमच्या नाण्याची कडा दोन जागी तडकलेली होती, शिवण नव्हती. झीजही जिथे यायला हवी तिथेच होती: गालावर, नाकावर, म्हणजे उंच भागांवर. खोलगट जागेत काळा थर बसलेला होता.

पण मला सगळ्यात जास्त पटली ती कडी. नाण्याच्या मागे टाका मारून बसवलेली ती चांदीची कडी दोऱ्याने आतून घासून घासून इतकी पातळ झाली होती की एका बाजूला केसाएवढी राहिली होती. अशी झीज वर्षा-दोन वर्षांत होत नाही. पर्यटकांना विकायला खोटी नाणी करणारे कारखाने असतात खरे, पण त्यांनी एका नाण्याला कडी लावून सातपुड्यातल्या एका बाईच्या गळ्यात पन्नास-साठ वर्षं झिजवायला ठेवलं असेल, हे काही संभवत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्यात बसून हजारो नाणी तोलली होती, प्राचीन आणि चालूही. नाणं जितक्या हातांतून जातं तितकं ते झिजतं, तेव्हा वजन हा त्याच्या प्रवासाचा हिशोब आहे, हे त्यांनी गणिताने मांडलं. आमच्या नाण्याचा शेवटचा प्रवास त्या कडीने लिहून ठेवला होता.

तिसरा प्रश्न: आहे कुणाचं? सिकंदराचं नक्कीच नाही. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर सिंहाचं कातडं पांघरलेला हेराक्लीस आणि मागे सिंहासनावर बसलेला झ्यूस असतो. मोठं नाणं सतरा ग्रॅमच्या वर, लहान द्राख्मा चार ग्रॅमच्या वर. दोन ग्रॅमचं हे आमचं पिल्लू त्या घरातलं नव्हे. शिवाय सिकंदर इ.स.पू. ३२६ मध्ये बियास नदीवरून मागे फिरला. तो खानदेशात कशाला येतोय?

तरी नाण्यावर ग्रीक अक्षरं होती! उजवीकडे बघणारा एक मिशाळ चेहरा, डोक्यावर चपटी टोपी, आणि भोवती काही रेघा-गोल-रेघा. दादांना ती नक्षी वाटत होती. मला ती ओळखीची वाटली. आणि इथे आपल्याला भडोचला जावं लागतं.

इ.स. पहिल्या शतकात, मध्याच्या सुमाराला, इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक टिपणवही लिहिली. आपण तिला पेरिप्लस म्हणतो. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नाही. त्यात भडोचला तो बारिगाझा म्हणतो, आणि सांगतो की तिथे अजून जुने द्राख्मे चालतात, ग्रीक अक्षरांचे, अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांचे. मिनँडर म्हणजे आपल्या पाली ग्रंथातला मिलिंद, नागसेनाला प्रश्न विचारणारा. म्हणजे राजा मरून दोनेकशे वर्षं झाली तरी त्याचा पैसा नर्मदेच्या मुखाशी चालत होता. गंमत अशी की हाच व्यापारी पुढे सांगतो, त्या भागात सिकंदराच्या स्वारीच्या खुणा दिसतात, जुनी देवळं, किल्ल्यांच्या भिंती, मोठ्या विहिरी. सिकंदर तिथे कधीच आला नव्हता. तेव्हा या भागात काही जुनं दिसलं की त्याला सिकंदराचं नाव चिकटवायची खोड दोन हजार वर्षांची आहे. फोनवरच्या त्या माणसाने नवीन काहीच केलं नव्हतं.

त्याच सुमाराला, थोडं मागेपुढे, या मुलुखावर क्षहरात नहपानाचं राज्य होतं. त्याचा जावई उषवदात. त्याचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. भडोचला धर्मशाळा बांधल्या, तापी आणि दमण वगैरे नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, असं तो सांगतो. अक्कलकुव्याहून नंदुरबारला जाताना तापी ओलांडावी लागते, मला दर वेळी त्या होड्या आठवायच्या. नहपानाने जी चांदीची नाणी पाडली ती द्राख्म्याच्याच घराण्यातली: एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. पण अक्षरं ग्रीक, शब्द मात्र प्राकृत! "राञो क्षहरातस नहपानस" हेच ग्रीक लिपीत. मागच्या बाजूला तेच ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केल्यावर ती नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावरच आपले ठसे मारले. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला सव्वातेरा हजार नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांवर असा दुहेरी ठसा होता.

नहपान गेला, पण नाण्याची तऱ्हा राहिली. पुढे चष्टनाच्या घराण्यातल्या क्षत्रपांनी गुजराथ-माळव्यात सुमारे तीन शतकं तशीच नाणी पाडली. समोर चेहरा आणि ग्रीक अक्षरं, मागे तीन कमानींचा डोंगर, खाली नदीची नागमोडी रेघ, वर चंद्र आणि सूर्य, भोवती ब्राह्मी लेख. पण दरम्यान ग्रीक वाचणारं कुणी उरलं नव्हतं. ठसा कोरणारा कारागीर आधीच्या नाण्यावरून अक्षरं नुसती उतरवत होता. प्रत्येक पिढीत ती थोडी बिघडत गेली. शेवटी राहिल्या नुसत्या रेघा आणि गोल. तरी काढून टाकायची कुणाची हिंमत झाली नाही, कारण लोकांना त्या रेघा असलेलं नाणंच खरं वाटत होतं! गुप्तांनी क्षत्रपांचं राज्य घेतलं तेव्हा त्यांनी मागचा डोंगर काढून गरुड बसवला, पण पुढचा चेहरा ठेवला आणि त्या ग्रीक रेघांचा अवशेषही ठेवला.

आमचं नाणं या घराण्यातलं. रॅप्सनने १९०८ साली ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली सूची आता संगणकावर बघायला मिळते. ती उघडून, भिंग घेऊन मी दोन रात्री मागच्या बाजूचा ब्राह्मी लेख लावत बसलो. काही अक्षरं झिजलेली, काही कडीच्या टाक्याखाली गेलेली. शेवटी "वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्र" एवढं निःशंक लागलं. वीरदामाचा मुलगा, राजा महाक्षत्रप. या सूचीत वीरदामाचा मुलगा महाक्षत्रप एकच, दुसरा रुद्रसेन. या राजांनी चेहऱ्यामागे वर्षही कोरलंय, आणि ते शक संवतात, म्हणजे आपल्या पंचांगावर आजही छापलं जातं त्याच शकात. आमच्या नाण्यावर नेमकं ते वर्ष झिजून गेलं होतं. पण या राजाची नाणी साधारण शके १७८ पासून पुढे वीसेक वर्षांतली. इ.स. २५६ ते २७७ च्या आसपास. मुंबईच्या एका जाणकार मित्राला फोटो पाठवले, त्यानेही तेच नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "या राजाची नाणी भरपूर मिळतात रे. आणि टाका मारलेलं म्हणजे संग्राहक हात लावणार नाहीत. लाख विसर, दहा हजारही कुणी देणार नाही."

तर नाणं खरं होतं. साडेसतराशे वर्षांचं, चांदीचं, ग्रीक नव्हे पण ग्रीकांच्या नात्यातलं, आणि याच मुलुखातलं.

तिसऱ्या दिवशी दादा आले. मी ठरवलं होतं की आधी सौद्याचं सांगायचं, मग नाण्याचं. त्या पत्राचा प्रिंट काढून ठेवला होता. एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. रिझर्व्ह बँकेची फी एका माणसाच्या बचत खात्यात कशी जाते, एवढं एकच विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. मग मी नाणं हातात घेतलं आणि सगळं सांगितलं. कायद्याचंही सांगितलं. जमिनीत सापडलं असतं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे नंदुरबारला कलेक्टरला कळवावं लागलं असतं. हे आईच्या दागिन्यातलं आहे, घरी ठेवायला हरकत नाही. पण शंभर वर्षांहून जुनं म्हणजे पुरावस्तू, परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे परदेशातलं गिऱ्हाईक आहे म्हणून कुणी सांगू लागला तर तिथेच फोन ठेवायचा.

"म्हणजे खरं आहे, पण नऊ लाख नाही."

"नाही."

"मग खरं असून काय उपयोग, सायेब?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्या घटकेला दिलंही नाही. ज्याच्या डोळ्यांसमोरून नऊ लाख गेले त्याला इतिहासाचं मोल सांगणं बरं दिसत नाही. त्यांनी स्लिप फाडली, चार तुकडे करून खिशात ठेवले (टोपलीत नाही!) आणि गेले.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. दादांनी त्या पत्रावर विश्वास का ठेवला? न वाचता येणारी अक्षरं, वर ओळखीचं चिन्ह. आणि तिसऱ्या शतकातल्या भडोचच्या व्यापाऱ्याने या नाण्यावर विश्वास का ठेवला? तेच, न वाचता येणारी अक्षरं, ओळखीचा चेहरा. दादांना भोळं म्हणायचं तर अख्खा पश्चिम हिंदुस्थान तीनशे वर्षं भोळा होता. अक्षरं न वाचता विश्वास टाकणं हा काही अडाणीपणा नव्हे, जगाचा व्यवहार बहुतेक तसाच चालतो. तुम्ही-आम्ही तरी मोबाइलवरच्या अटी वाचून खाली टिचकी मारतो का? फरक एवढाच की त्या नाण्यावरची अक्षरं बिघडली तरी खाली दोन ग्रॅम चांदी होती. व्यापारी अक्षरं वाचत नसेल, पण तोलत नक्की होता. पत्राखाली तोलायला काहीच नव्हतं. म्हणून पोतदाराने अक्षरांच्या भरवशावर राहू नये, वाजवून घ्यावं.

आणि खरेपणाचा उपयोग? मला वाटतं, खोटी गोष्ट नेहमी खऱ्या गोष्टीच्या आधाराने उभी राहते. त्या फोनवरच्या माणसाकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं. त्याने दादांच्याच आईचं खरं नाणं घेतलं आणि त्याच्यावर स्वतःचं खोटं उभं केलं. अशा वेळी खरी गोष्टच नाकारून टाकणं सोपं असतं, आणि माझा सहकारी तेच म्हणत होता. पण तसं केलं असतं तर त्या लबाडाने पैसे नाही तरी नाणं घालवलंच असतं. खऱ्याला खरं म्हणून बाजूला काढून ठेवलं की मगच खोटं नुसतं उघडं पडतं.

असो.

दिवाळीनंतर दादा खात्याचं काम घेऊन पुन्हा आले, सोबत आश्रमशाळेत दहावीला असलेली मुलगी. माळ आजीच्या गळ्यात आहे, ती घसलेली कडी सोनाराकडून बदलून घेतली, आजी ते नाणं आता राणीच्या शेजारी मधोमध घालते, असं तिने सांगितलं. बाबांनी घरी राजाचं नाव नीट सांगितलं नाही म्हणून तिला ते लिहून हवं होतं. मी एका कागदावर आधी ब्राह्मीत आणि खाली देवनागरीत लिहून दिलं: वीरदामपुत्रस. तिने बोट ठेवून वाचलं आणि म्हणाली, "सर, हे तर आमच्या फॉर्मसारखंच आहे. बापाचं नाव टाकावंच लागतं."

वर ग्रीक अक्षरांचं काय लिहिलंय, तेही तिने विचारलं. मी सांगितलं, काही नाही, नुसत्या रेघा आहेत, लिहिणाऱ्यालाही येत नव्हतं. तिला ते फारच आवडलं. आणखी एक सांगायला हवं होतं, ते राहून गेलं, म्हणून इथे लिहितो. त्या ग्रीक द्राख्म्याचा आपल्याकडे द्रम्म झाला, शिलाहार-यादवांच्या लेखांत तो सापडतो. द्रम्माचा दाम झाला आणि दामाची दमडी. काउंटरवर बसून आम्ही दिवसभर तेच तर मोजत असतो.